शेजारची घळ

नीलगाय रस्ता ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघते. दिल्लीत एवढं करणारी तीच.

*

ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशावरून झेंडे शोधत पळायच्या खेळाच्या, नकाशात जंगल पांढरं असतं. गडद हिरवं असतं ते, जिथे शिरू नये.

*

"ताई, पोचलीस की कळव. नाही कळवलंस तर हरवलीस असं धरून चालतो." — विक्रांत, धाकटा भाऊ, पुण्याहून.

*

वेड्या बाभळीचा काटा लोकरीत सरळ शिरतो. बाहेर यायचं म्हटलं की वाकडेपणा करतो.

*

स्पर्धा चालू असताना वाट विचारू नये. कुणी विचारली तर सांगू नये.

त्रिकोण

नकाशावर जिथून निघायचं तिथे त्रिकोण काढलेला असतो. ही गोष्ट मात्र निघते ती हातात नकाशाच नसलेल्या एका बाईपासून.

ऑक्टोबरातला रविवार होता. संपदा सकाळी संजय वनात फिरायला शिरली आणि नेहमीप्रमाणे हरवली. 'नेहमीप्रमाणे' हा तिच्या घरच्यांचा शब्द. ती मंडईत हरवली होती, लग्नाच्या कार्यालयात हरवली होती, एकदा तर स्वतःच्याच कॉलेजात. हिला भर दुपारी चकवा लागतो, असं घरी कौतुकाने सांगायचे. गुरुग्रामला नोकरी लागली तेव्हा आईने आधी दिल्लीत द्वारकेला राहणाऱ्या बहिणीला फोन केला. "अलका, तुझ्याकडे राहील. पण एकटी कुठे सोडू नकोस हं तिला." संपदा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

फोनमधला निळा ठिपका तिला तलावाच्या मधोमध उभी दाखवत होता. पाय तर कोरडे होते. तेवढ्यात तिला पडक्या कबरीच्या आडोशाला एक माणूस दिसला. मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि शेजारच्या बाभळीला टांगलेला पांढरा-केशरी कापडी झेंडा... झेंडा कसला, तिकोनी कंदीलच.

"भैया, बाहर जाने का रास्ता?"

त्याने मान वर केली. डोळे चांगले होते, पण हे तिच्या लक्षात नंतर आलं. "सॉरी. नहीं बता सकता."

"मतलब?"

"नियम है."

"रास्ता न बताने का नियम?"

"जी. आप अपना नक्शा देखिए."

"कौन सा नक्शा?"

"गिरा दिया? फिर तो आप बाहर हैं."

"बाहर ही तो जाना है मुझे!"

तो शांतपणे कागदाकडे वळला. संपदाने पाठ फिरवली आणि दात-ओठ खात मराठीत म्हणाली, "माणूस आहे की दगड!"

"दगड आम्ही काळ्या ठिपक्याने दाखवतो," मागून आवाज आला. चक्क मराठीत. मग जरा घाईने, "एक मिनिट... तुमच्या बोटात स्पर्धकांची चिप नाही. तुम्ही स्पर्धेत नाही?"

"कसली स्पर्धा?"

"म्हणजे तुम्ही... नुसत्याच हरवलाय?"

"का? नुसतं हरवायला बंदी आहे?"

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. त्याने उठून हात लांबवला, "हे असं सरळ जा, मग भिंतीपाशी—"

"आता नको." संपदाने हात पुढे केला. "नकाशा द्या."

का म्हणाली असं, देव जाणे. पण म्हणाली. त्याने एक जादा नकाशा दिला आणि तिचा अंगठा धरायला गेलेला हात वाटेतच मागे घेतला. "अंगठा... इथे ठेवा. तुम्ही इथे आहात. चालाल तसा अंगठा पुढे सरकवायचा. अंगठ्याची आणि पायांची फारकत झाली, की माणूस हरवतो. तेवढंच असतं."

सुधन्वा नाव होतं त्याचं. नकाशे काढण्याचंच काम करायचा. जन्म दिल्लीतला, शाळा पहाडगंजची मराठी, वडील केंद्र सरकारात, घर करोल बागेत.

संपदा तासाभराने फाटकाशी पोचली. ओढणी फाटली होती, पोटऱ्यांवर ओरखडे होते. कुणी सोडायला आलं नव्हतं. तिने विक्रांतला फोन केला नाही. तशीच उभी राहिली, एकटी, आणि हसत सुटली.

एक: वाटेचं वळण

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, मग त्याच्या पुढच्याही. नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की बाहेरचा सराव बंद पडला. तेव्हा ती द्वारकेतल्या सोसायटीचाच नकाशा अंगठ्याखाली धरून जिन्यांतून पळाली. वॉचमनने दोनदा विचारलं, "मॅडम, कुछ खो गया?"

अलकनंदामावशीला काही विचारावं लागत नसे. तिला दिसत असे.

"मुलगा कोण गं?"

"कुठला मुलगा?"

"जंगलात एकटी जाते म्हणतेस, आणि डबा दोघांचा नेतेस."

"भूक लागते मावशी, पळून पळून."

"हो ना. आणि त्याला मेथीचे पराठे आवडतात, तुला मेथी चालत नाही."

संपदाने डब्याचं झाकण लावलं. जरा जास्तच जोरात.

दोन: उंचवटा, माथा

क्लब चालवायचे पद्माकर सर. सैन्यातून निवृत्त झालेले, पण आवाज अजून कवायतीतच होता. डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. फेब्रुवारीत निवड स्पर्धा. बायकांच्या लांब मार्गावर पहिल्या चौघी दिल्लीच्या संघात. नकाशा आणि मार्ग सुधन्वा आखणार.

"जंगल कुठलं ते गुपित," सर म्हणाले. "त्या जंगलात जो आधी पाऊल टाकेल तो स्पर्धेतून बाद. आणि तुम्ही दोघं..." त्यांनी संपदाकडे पाहिलं, मग सुधन्वाकडे. "भेटा, बोला, भांडा. जंगलाचं नाव काढायचं नाही. सुधन्वा, झोपेत बडबडतोस का तू?"

"माहीत नाही, सर."

"मग लग्न फेब्रुवारीनंतर कर."

सगळे खो खो हसले. संपदा वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच होती.

परतताना सुधन्वा म्हणाला, "पहिलं वर्ष आहे तुझं. छोटा मार्ग घे ना यार." 'तुम्ही' कधीचं वाटेत गळून पडलं होतं.

"नाही. मला चौघींत यायचंय."

"पण एवढं काय त्यात?"

संपदा थांबली. "मला कायम कुणीतरी सोडायला येतं, सुधन्वा. आणायला येतं. मी कुठे आहे ते माझ्याआधी माझ्या घरच्यांना कळतं. एकदा, एकदाच, मला असं काही गाठायचंय, जिथे मला कुणी पोचवलेलं नाही."

त्या दिवसापासून 'छोटा मार्ग' हे शब्द त्याने तोंडातून काढले नाहीत.

तीन: चहाची गाडी, दक्षिण बाजू

जानेवारी. द्वारकेच्या मेट्रो स्टेशनखाली चहाची गाडी. सुधन्वा दिवसभर कुठल्याशा जंगलात उन्हातान्हातून... नाही, धुक्याथंडीतून भटकून संध्याकाळी तिथे उतरायचा.

"थांब!" संपदाने डोळ्यांवर हात घेतले. "बूट दाखवू नकोस."

"का?"

"माती दिसेल. रंगावरून जंगल ओळखलं तर मी बाद."

"अरे हो." त्याने इकडेतिकडे पाहिलं, चहावाल्याकडून बिस्किटांचा रिकामा खोका मागून घेतला आणि दोन्ही पाय त्यात घालून उभा राहिला. "चलो. उघड डोळे."

चहावाल्याने त्याला वरून खाली न्याहाळलं. "भैया, ये पार्सल कहाँ भेजना है?"

संपदाच्या नाकातून चहा आला.

हसू ओसरल्यावर तिला त्याच्या स्वेटरच्या बाहीत काटा दिसला. तिने बाही धरली. काटा सावकाश फिरवत सोडवायला लागली. दोघांच्या तोंडच्या वाफा मधल्या हवेत एकमेकींत मिसळत होत्या, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"हा पुरावा धरतात का?" तिने विचारलं.

"नाही. बाभूळ सगळीकडे असते."

"बरं."

"मग इतका वेळ का लावतेस?"

"ओढला तर लोकर उसवेल." तिने काटा आणखी जरा फिरवला. "सुधन्वा, तुझ्या नकाशात मी कुठल्या रंगाची?"

"गडद हिरवी."

"म्हणजे?"

"शिरू नये अशी. वळसा घालून जावं."

"मग घाल ना वळसा. कोण अडवतंय?"

"रोज घालतो." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "करोल बागेत राहणारा माणूस घरी जाताना द्वारकेला कशाला उतरतो, असं तुला कधी—"

"गप्प! दिशा कळतेय मला!"

काटा निघाला होता. बाही मात्र तिच्या हातात तशीच राहिली... चहा पार निवेपर्यंत.

चार: घळ, वरचं टोक

फेब्रुवारी. गुरुग्रामच्या पुढे, अरवलीतलं जंगल. पहाटे इतकं धुकं होतं की मोर ओरडला तरी तो कुठल्या झाडावर आहे ते मोरालाच ठाऊक. स्पर्धा सुरू होईपर्यंत ते विरळ झालं.

संपदा निघाली. नकाशा उलगडला तशी तिच्या लक्षात आलं, की ही भाषा तिच्या ओळखीची आहे. प्रत्येक खडक, प्रत्येक पडकी भिंत, बाभळीतली एक अरुंद फट, सगळं त्याने स्वतः चालून काढलेलं. जणू कानाशी कुणी हळू बोलतंय: आता उतार, आता भिंत, आता जरा जपून. अंगठा सरकत होता. बोटातली चिप झेंड्याखालच्या डबीत शिरली की 'टूं' वाजायचं, आणि ती पुढे.

मग सत्तेचाळीस नंबर. घळीचं वरचं टोक.

ती घळीच्या टोकाशी आली. झेंडा नव्हता.

*हिला भर दुपारी चकवा लागतो.* तिने ओठ आवळले. हरवल्यासारखं वाटलं की पुढे धावायचं नाही. जिथे खात्री होती तिथे परत जायचं. ती मागे गेली, पडक्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर अंगठा ठेवला. कंपास धरला. पुन्हा निघाली, या वेळी चालत, एकेक खुणेला नावाने हाक मारल्यासारखी. उतार. जोडखडक. बाभळीची फट. घळ.

तीच घळ. तेच टोक. झेंडा नाही.

तेव्हा तिने मान वर केली. मधल्या उंचवट्यापलीकडे तश्शीच दुसरी घळ होती, जुळी बहीण म्हणावी अशी. आणि तिथे, काट्यांतून, केशरी काहीतरी.

ती तिथे गेली. डबीवर नंबर सत्तेचाळीसच. चिप घातली. टूं.

पण अंगठा म्हणत होता: मी इथे नाही. मी शेजारी आहे.

निघताना तिने वळून पाहिलं. पहिल्या घळीत वल्लरी उतरत होती. नोएडाची, कॉलेजात शिकणारी, संपदासारखीच यंदा आलेली. खाली मान घालून ती पानं उचकत होती. हाक मारायची नाही, असा नियम. संपदाने मारली नाही. पळाली.

पाच: टेबल

चौथी.

अक्षया पहिली, ती दरवर्षीच असायची. आणि संपदा चौथी! फळ्यावर नाव लागलं तसं सुधन्वाने लांबूनच थर्मास उंचावला. त्याचे कान इथूनही लाल दिसत होते.

बऱ्याच वेळाने वल्लरी आली. मार्ग अर्धा टाकून. गवतावर बसून ती बूट सोडायला लागली.

"मला नाही जमत हे, दीदी. मला वाटलं मी बरोबर जागी आहे. एकदम बरोबर. पण मला कुठे काय कळतं... मी सोडणार आहे."

संपदा तिच्याकडे बघत राहिली. हे वाक्य तिला पाठ होतं. चाल, स्वर, शेवटचा सुस्कारा, सगळं. ते तिचंच होतं, एकोणतीस वर्षं वापरलेलं.

ती उठली आणि सरळ टेबलाशी गेली.

"सर, तक्रार आहे. सत्तेचाळीसचा झेंडा चुकीच्या घळीत आहे."

पद्माकर सरांनी चष्मा काढला. सुधन्वा थर्मास हातात घेऊन तिथेच थबकला.

"मी स्वतः टांगलाय. पहाटे," तो म्हणाला.

"धुक्यात."

"संपदा, तिथे दोन घळी आहेत, अगदी सारख्या. नवीन माणूस हमखास... म्हणजे तू..." तो थांबला.

"बोल ना. तू चुकली असशील."

तो बोलला नाही. पण ते शब्द टेबलावर येऊन बसले होते, आणि ते कुणाला हलवता येईनात.

"तक्रार खरी निघाली तर आजची स्पर्धा रद्द," सर म्हणाले. "तुझा चौथा नंबरही जाईल, पोरी. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"आणि खोटी निघाली तर?"

"तर उद्यापासून मी सगळीकडे वाट विचारत फिरेन. पण खोटी नाहीये ती." ती सुधन्वाकडे वळली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. तुझ्या नकाशावर ठेव."

सात: दुसरं जंगल

पुढचं आधी सांगितलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. दोन आठवड्यांनी निवड स्पर्धा पुन्हा झाली, दुसऱ्या जंगलात, दुसऱ्याच माणसाने आखलेली. सुधन्वाला लांबच्या फाटकाशी गाड्या लावून घ्यायचं काम होतं. अक्षया पहिली आली. वल्लरी तिसरी. संपदाचा एक झेंडा सापडता सापडेना, शेवटच्या उतारावर ती सपशेल घसरली, गुडघा फुटला, आणि थोडक्यात, अगदी थोडक्यात, चौथी आली. तिला कुणी सोडायला आलं नव्हतं. मावशी आली होती, पण ती पराठे घेऊन, आणि फाटकावरच रमली होती.

सहा: घळ, पुन्हा

टेबलापासून तिघं निघाली. पुढे संपदा, नकाशावर अंगठा. मागे सर. मध्ये सुधन्वा. हे जंगल त्याने इंचाइंचाने पायाखाली घातलेलं, आणि आज ती त्याला त्यातून नेत होती.

भिंतीचा कोपरा. उतार. जोडखडक. एके ठिकाणी तिचा पाय अडखळला. त्याचा हात पुढे आला आणि थांबला. तिने स्वतःच तोल सावरला.

"इथे," ती म्हणाली.

सुधन्वा बसला. नकाशा काढताना प्रत्येक जागी नंबर लिहिलेली एक रिबीन बांधून ठेवतात; स्पर्धेच्या पहाटे झेंडा तिथेच टांगायचा. त्याने बाभळीच्या बुंध्यापाशी पाला बाजूला केला. एक गुलाबी चिंधी निघाली. अर्धी शेळीने खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यावर त्याच्याच हातचा, सत्तेचाळीसातला सात.

"धुक्यात रिबीन दिसली नाही," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, मला काय गरज... मला तर सगळं पाठ आहे." मग उभा राहिला, सरळ. "सर, तक्रार खरी आहे. घळ माझी चुकली."

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "वल्लरीला मी सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघं झेंडे गोळा करून या." आणि निघाले. चार पावलांवर थांबून, न वळता, "घाई नाही."

दोन वर्तुळं

शेवट नकाशात एकात एक अशा दोन वर्तुळांनी दाखवतात.

ऊन पडलं होतं. कोवळं, फेब्रुवारीचं, बाभळीच्या बारीक पानांतून चाळून आलेलं. दोघं एकेक झेंडा सोडवत चालली होती. तीन-चार झेंडे झाल्यावर संपदाने विचारलं,

"रागावलास?"

"तुझ्यावर रागवायला तोंड कुठे आहे मला?" त्याने दोरीची गाठ सोडवता सोडवता म्हटलं. "मी ते वाक्य बोलणार होतो, संपदा."

"बोलला नाहीस."

"मनात बोललो."

"ऐकू आलं."

"... सॉरी."

तिने त्याला तसंच थोडा वेळ उभं राहू दिलं. मग म्हणाली, "तुझा नकाशा इतका खरा नसता, तर मी पुन्हा स्वतःलाच चूक म्हटलं असतं. तो खरा होता म्हणून मला झेंड्याला चूक म्हणता आलं."

सुधन्वा तिच्याकडे बघायला लागला. काठाकाठाने नाही, सरळ. आता कुठे तिने नीट पाहिलं. डोळे खरंच चांगले होते.

"एक विचारू?"

"विचार."

"म्हणजे, असं बघ... आपण इतके महिने... म्हणजे जंगल सोडून बाकी सगळं बोललो आपण, आणि मला असं—"

"वळसा नको, सुधन्वा."

त्याने श्वास घेतला. "तू मला आवडतेस. खूप. मला कायम तुझ्यासोबत राहायचंय. बस."

कुठेतरी मोर ओरडला. या वेळी तो कुठल्या झाडावर आहे ते दोघांनाही कळलं.

"एक अट आहे," संपदा म्हणाली.

"बोल."

"मी चुकीच्या वाटेला लागले, तरी मी विचारेपर्यंत तू सांगायचं नाहीस."

"बिल्कुल." मग जरा घाबरत, "आणि मी चुकलो तर?"

"लगेच तक्रार. लेखी. सरांकडे."

तो इतक्या मोठ्याने हसला, की उंचवट्यावरच्या दोन नीलगायी दचकून उभ्या राहिल्या. तिने हात पुढे केला. त्याचे दोन्ही हात झेंड्यांनी भरलेले; एक मोकळा करायला त्याला अर्धे झेंडे तिच्याकडे द्यावे लागले. तिने ते खांद्यावर टाकले, नकाशा दुमडून त्याच्या खिशात खोचला, आणि ज्या बाजूला एकही वाट नव्हती त्या बाजूने त्याला घेऊन निघाली.

सुधन्वा झोपेत बडबडायचा; त्याच्या आईला संपदाचं नाव ऑक्टोबरपासून माहीत होतं.